मधला दगड

यंदाही श्रावण कोरडा गेला. नांदेडच्या घराच्या गच्चीवर कुंड्यांतली माती कडेपासून सुटली, आणि मला टर्पेंटाइनचा वास यायला लागला. घरात टर्पेंटाइनची बाटली नाही. चित्रकलेचा मास्तर म्हणून रिटायर झालो त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बायको म्हणते, तुम्हाला भास होतो. होत असेल. पाऊस लांबला की दर वेळी होतो.

अशातच गावाकडून हेडमास्तरांचा फोन आला. शाळेची भिंत रंगवायची आहे, तुम्ही गावचे, एखादं चित्र काढून द्या. विषय पाणी. मी हो म्हणालो, तर लगेच पुढे म्हणाले, "फक्त सर, जरा पॉझिटिव्ह काढा. भरलेली विहीर वगैरे. भकास नको." मला हसू आलं. चित्र अजून काढलंही नव्हतं आणि त्यावर टीका येऊन पोहोचली होती. चाळीसेक वर्षांत शाळेसमोरच्या विहिरीचं पाणी कितीदा वर-खाली झालं असेल, टीका मात्र आहे त्याच पातळीवर.

आमचं गाव अहमदपूरच्या बाजूला. माझ्या लहानपणी ते उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. मग लातूर वेगळा जिल्हा झाला. ढोल वाजले, गुलाल उधळला, पेढे वाटले. पाऊस तेवढा झाला नाही. जिल्हा नवा आणि दुष्काळ जुना, असं ते साल होतं. मी तेव्हा विशीत होतो आणि लातूरला गंजगोलाईच्या मागे खाजाभाई पेंटरकडे हाताखाली होतो. नव्या जिल्ह्याचा खरा आनंद झाला तो आम्हा पेंटर लोकांना, कारण शाळा, दवाखाना, सोसायटी, जिथे म्हणून पाटी होती तिथे 'जि. उस्मानाबाद' जाऊन 'जि. लातूर' यायचं होतं. अहमदपूरकडच्या गावांच्या पाट्या खाजाभाईंनी माझ्यावर सोपवल्या. सायकलच्या कॅरिअरला डबे बांधून मी गावोगाव जिल्हा बदलत हिंडत होतो, आणि मुक्कामाला घरी, मायकडे.

खाजाभाईंचा एकच नियम होता. जुना रंग आधी पत्र्याने खरवडायचा, मग नवा लावायचा. "बेटा, खुरचे बगैर मत लगा. नीचेवाला ऊपर आताइच," ते म्हणायचे. घाईत काही पाट्या मी नुसता पांढरा हात मारून उरकल्या होत्या. उन्हं तापली तशी त्यातली एक बघायला गेलो, तर 'लातूर'च्या खालून 'उस्मानाबाद' हळूहळू वर येत होतं. भर दुपारी, रिकाम्या रस्त्यावर, त्या पाटीसमोर मी एकटा उभा होतो आणि अंगावर काटा आला. जिल्हा बदलला होता म्हणे. पाटीला तो मान्य नव्हता.

शिवरात्रीपर्यंत आमच्या वस्तीचा आड आटला. तळाशी एक बेडूक आणि फुटकी घागर एवढंच उरलं. मग बौद्ध वस्तीनेही शाळेसमोरच्या मोठ्या विहिरीवर पाणी भरायचं असं ठरलं. 'ठरलं' म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष दिगंबरराव यांनी मान हलवली. दिवस उगवायला गावाची पाळी, ऊन डोक्यावर आलं की आमची. सकाळी गावाने उपसलेल्या पाण्यानंतर तळाला जे झिरपेल ते आमचं. पोहरा तिथवर पोहोचत नसे. बाईने भिंतीतून पुढे आलेल्या दगडांवर पाय ठेवत खाली उतरायचं, वाटीवाटीने घागर भरायची, आणि वरचीने ती दोराने ओढून घ्यायची. ती पाळी गेली असती तर पुढचं पाणी तीन कोसांवर होतं.

त्याच दिवसांत शाळेची पाटी करायला मी गावात होतो. जुन्या हेडमास्तरांना चित्रांची हौस. ते म्हणाले, उरलेल्या रंगात बाहेरच्या भिंतीवर काढ काहीतरी चांगलं. भिंत बरोबर विहिरीसमोर होती. मी आठवडाभर दुपारी विहिरीच्या कठड्यावर बसलो आणि दिसेल ते आधी कागदावर, मग भिंतीवर काढलं. वरून दिसणारी विहीर, तिच्या भिंतीतल्या दगडांच्या कोरड्या पडलेल्या रांगा, एका बाजूने उतरणारे दगड, आणि मधोमध पाठमोरी, पदर कमरेला खोचून पाय खाली सोडणारी एक बाई. ती बाई माझी माय होती. माझ्याकडे पाट्यांचे रंग, काळा, पांढरा आणि तांबडा ऑक्साइड. तेवढ्यात ती विहीर अशी उतरली की काढून झाल्यावर मलाच तिच्यात वाकून बघावंसं वाटलं. मी आयुष्यात त्याहून चांगलं काही काढलेलं नाही. हे नम्रपणे वगैरे सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून गाव बोलायला लागलं. बाईचं तोंड का नाही दाखवलं? घागर मातीची कशाला, पितळी काढायची, गावाची इज्जत जाते. शेजारच्या गावात शाळेवर मोर काढलाय, आम्हालाच हा भकासपणा का? एकजण सायकल थांबवून पाच मिनिटं बघत राहिला. मला वाटलं, चला, एक तरी दर्दी निघाला. तो भिंतीतल्या एका खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पेंटर, ह्या खिळ्याला काही टांगायचं ऱ्हायलंय का?" उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. मी रात्री या सगळ्यांना मनातल्या मनात फार हुशार उत्तरं द्यायचो.

मग एकदा दिगंबरराव आले. ते आवाज चढवणारे नव्हते, तीच त्यांची भीती होती. हात मागे बांधून चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "गौतम, हात चांगला हाय रे तुझा. पर भरल्या हिरीला आटलेली काढलंस. आता खरीच आटली म्हंजे?"

"मालक, आटलीच हाय की," मी म्हणालो. "मी दिसतंय ते काढलं."

"दिसतंय ते समदं काढायचं नस्तंय." मग विहिरीकडे बघत म्हणाले, "लोकं बोलून राहिले. पाळीचं बी मग एकदा बघावं लागंल."

एवढंच. बदल म्हणाले नाहीत, पुसून टाक म्हणाले नाहीत. पण त्यानंतर विहीर बोटभर जरी खाली गेली तरी तिचा हिशेब माझ्या भिंतीवर लागायला लागला. बाया चित्राच्या बाजूने जाताना पदर ओढून घ्यायच्या. एका सकाळी चित्रातल्या कठड्याच्या खाली, जमिनीवर, सुई टोचलेलं लिंबू पडलेलं होतं. शाळेतली मुलं लघवीच्या सुट्टीतही तिकडे फिरकेनात. मी काढलेल्या त्या काळ्या तळाकडे आता मलाही बघवेना. चित्र वाईट असेल तर सुधारता येतं. चित्रामुळे पाऊस पडत नाही, असं म्हणणाऱ्याला काय सुधारून दाखवायचं? अशी टीका मुळात चित्रावर नसतेच. ती काढणाऱ्याने कुठे उभं राहायचं याबद्दल असते. हे आज कळतं. तेव्हा नुसतं जळत होतं.

माय रोजगार हमीवर खडी फोडायला जायची, दुपारी पाळीपुरती यायची आणि पाणी भरून तशीच परत पळायची. त्यामुळे तिने चित्र नीट पाहिलं ते शेवटी. संध्याकाळी कामावरून परत येताना थांबली. भुवयांवर खडीची पांढरी धूळ. मी बाजूला उभा. सगळं गाव काहीही बोलो, ही काय म्हणते त्यावर माझं सगळं टांगलेलं होतं. तिने बराच वेळ पाहिलं. मग पुढे होऊन बाईच्या पायाखालच्या जागेवर बोट ठेवलं.

"हितला मधला दगड कुठाय?"

"निखळलाय तो, माय. खऱ्या हिरीत बी न्हाई. म्हणून न्हाई काढला."

"ते ठाव हाय मला. पर बाई लई उंचावरून पाय टाकून राहिली. पडंल की ती."

एवढं ऐकून माझं डोकं फिरलं. दहा दिवस गावाचं ऐकत होतो, आता घरचीही सुरू झाली. मी म्हणालो, "माय, चित्र बघायचं असतंय. त्यात उतरायचं नस्तंय."

ती काही रागावली नाही. डोक्यावरची टोपली सारखी करत म्हणाली, "आमाला उतरावंच लागतंय, बाबा." आणि चालू लागली.

सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. त्या उन्हाळ्यात माझं तेच झालं. गावाच्या बडबडीत मी तिचंही बोलणं टाकून दिलं. तिच्या एका वाक्यात चित्राची चूकही होती आणि विहिरीचीही. दगड नसेल तर बाईचं वजन पुढे झुकायला हवं, हात भिंत शोधायला हवा. मी मात्र तिला सपाट जमिनीवरून चालल्यासारखी ऐटीत उतरवली होती. आणि चित्राचं सोडा. मला दगड नाही हे दिसलं होतं, कागदावर मापून घेण्याइतकं नीट दिसलं होतं, आणि एक दगड आणून तिथे बसवावा हे मात्र सुचलं नाही. मी कलावंत होतो ना.

पाडव्यानंतर समितीने निळ्या डिस्टेंपरचा पुडा पाठवला. निरोप नव्हता, नुसता पुडा. वस्तीतली म्हातारी माणसं घरी येऊन गेली. कुणी काही सांगितलं नाही, पण प्रत्येकाने पाण्याची पाळी हा विषय काढला. मी दुसऱ्या दिवशी विहीर भरली. कठड्याखाली हातभर जागा ठेवून बाकी सगळं निळं. बाई बुडाली, दगड बुडाले. पाण्यावर दोन कमळंही काढली, चेष्टा म्हणून. गावाला ती फार आवडली.

आता खरं सांगतो. तेलरंगावर डिस्टेंपर धरत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. खाजाभाईंचा नियमही पाठ होता. पण पत्रा हातात घेतला आणि माझ्या बाईवरून तो फिरवता येईना. मी न खरवडता रंग दिला. शिवाय, उन्हात खालचं चित्र एक दिवस परत वर येईल, अशी खुनशी आशाही मनात होती. येऊ दे आणि बघू दे सगळ्यांना, असं मी त्या निळ्या भिंतीकडे बघून म्हणालो होतो.

माय त्या दिवशी परत थांबली. म्हणाली, "आता तर दगडच दिसंना."

वैशाखात भिंत तापली आणि निळा रंग पोपड्यांनी सुटायला लागला. आधी एक कमळ गेलं. मग मधेच, वितीएवढ्या जागेत, तांबडं उघडं पडलं आणि त्यात बाईचं एक पाऊल दिसायला लागलं. बाकी सगळं पाणी आणि त्यातून वर आलेला एकच पाय, खाली काही नाही. शाळेला सुट्टी होती. तिथे मी आणि ऊन, दोघंच. मी सायकलला डबे बांधले आणि पाटीच्या कामाला निघून गेलो. थांबलो असतो तर काय केलं असतं, माहीत नाही. पण थांबलो नाही.

शेजारच्या गावच्या दवाखान्याच्या पाटीवर 'जि. ला' एवढं लिहून झालं होतं, तेव्हा वस्तीतला माणूस धावत आला. दुपारच्या पाळीला माय विहिरीत उतरली होती. मधल्या दगडाच्या जागी तिचा पाय गेला. दोन पुरुष खोल, थेट तळावर पडली. कमरेचं हाड मोडलं.

बाजेवर घालून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथून खडीच्या ट्रकने नांदेड. ट्रकमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि माझ्या हाताला पांढरा रंग होता. ती कण्हत नव्हती. तिने एकदाच विचारलं, "घागर फुटली का रं?" मी हो म्हणालो. म्हणाली, "फुटू दे. मातीचीच व्हती."

दिगंबरराव दवाखान्यात भेटायला आले. मोसंबी आणली होती. खाटेशेजारी उभे राहून त्यांनी मान हलवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी म्हणलं नव्हतं? असली चित्रं काढू नये." मला त्यांचा गळा धरावासा वाटला. आणि त्याच क्षणी, त्याहून जास्त, स्वतःचा. त्यांचं न ऐकायचं मी ऐकलं होतं, आणि हिचं ऐकायचं ते चित्रातलं म्हणून उडवून लावलं होतं. पाऊस पडायच्या आत मी आणि चुलतभावाने विहिरीत उतरून मधल्या जागी एक दगड सिमेंटमध्ये बसवला. दोन तासांचं काम. पुढे पाऊस झाला, दगड पाण्याखाली गेला, नळयोजना आली, विहीर लोक विसरले. माय मात्र शेवटपर्यंत एका बाजूला झुकून चालली.

ही गोष्ट मी नंतर पुष्कळदा सांगितली. शाळेत, बक्षीस समारंभात, माझ्या सत्कारातसुद्धा. गावाने माझं चित्र कसं पुसायला लावलं, आणि मी रंग न खरवडता ते कसं वाचवलं. लोक टाळ्या वाजवतात. नायगावला मामाच्या गावी असाच एक सत्कार झाला, तेव्हा माय पहिल्या रांगेत होती. घरी येताना जीपमध्ये म्हणाली, "चांगलं बोललास. दगडाचं न्हाई सांगितलंस."

मी म्हणालो, "लोकांना काय करायचंय ते?"

"लोकांना न्हाई. तुला." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाखडताना लई जोरात फटका मारला की दाणा बी उडून जातंय, गौतमा. म्या काय चित्राला नावं ठिवली न्हवती."

ती गेली त्याला तीन वर्षं झाली. ज्याच्या बोलण्याचा राग येतो त्याची पारख करायला मी अजून तिचंच सूप वापरतो. बोलणारा चित्राकडे बघून बोलतोय की माझ्याकडे, हे आधी बघायचं. माझ्याकडे बघून बोलत असेल तर नमस्कार करून मोकळं व्हायचं. चित्राकडे बोट दाखवत असेल तर कितीही लागलं तरी तिथे बघायचं. सोपं वाटतं. मला मात्र त्यासाठी तिचं एक हाड लागलं.

तर यंदा, हेडमास्तरांच्या फोननंतर, मी गावी गेलो. रस्त्यात दोन ठिकाणी चर्चा ऐकली, आणखी एक नवा जिल्हा होणार, आपला तालुका त्यात जाणार. पाट्या परत बदलणार. शेतात सोयाबीन वीतभर होऊन पिवळं पडलेलं. नळाला बारा दिवसांनी पाणी, म्हणून विहिरीवर पुन्हा दोर लागले होते. शाळेची भिंत मात्र तीच. या वेळी मी पत्रा घेतला आणि आधी खरवडायला बसलो. चुना, पिवळा, परत चुना, मग थोडा निळा. त्याच्या खाली तांबडा लागला तेव्हा हात थांबला. पाठमोरी बाई तशीच होती. पदर खोचलेला, पाय खाली सोडलेला.

"सर, हे पूर्ण काढून टाका ना," हेडमास्तर मागून म्हणाले. "मुलांवर परिणाम होतो." मी त्यांना नमस्कार केला. त्यांना तो होकार वाटला असावा.

तेवढ्यात शाळेची खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाई घागर घेऊन विहिरीकडे निघाल्या होत्या, त्या थांबल्या. चित्राकडे बघत राहिल्या. पुढे आल्या आणि ओल्या बोटाने बाईच्या पायाखालची जागा दाखवली. नेमकी तीच.

"गुरुजी, ही आपलीच हीर हाय नव्हं?"

"हाव."

"मंग हितला दगड तुमी सोडला. हिरीत हाय एक तिथं. पर त्याच्यावर बी भरवसा न्हाई बघा. पाय ठिवला की हलून राहिलाय. चित्रात काढायचा तर हलता काढा." आणि पदर खोचून विहिरीकडे वळल्या.

मी पत्रा खाली टाकला. "बाई, थांबा. उतरू नका," म्हणत त्यांच्या मागे गेलो. या वयात तो माझा उद्योग नव्हता. हेडमास्तर 'सर, सर' करत कठड्यापर्यंत आले. मी दोर कमरेला बांधून त्याचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं आणि उतरायला लागलो. खालून कोरड्या चिखलाचा, ओळखीचा वास येत होता. भिंतीला दोन्ही हात धरून मी पाय खाली सोडला आणि टाचेने मधला दगड दाबला.

मी बसवलेला दगड. सिमेंटचा भुगा आधी गेला, मग तो सावकाश पुढे कलला आणि सुटला. खाली धप्प असा आवाज झाला. माय पडली तेव्हा मी पाटीवर 'जि. ला' लिहीत होतो, तिच्या पडण्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दोन पुरुष खोलीवरून तो आता ऐकला.

"म्हणलं नव्हतं का?" वरून शेवंताबाई ओरडल्या.

म्हणलं होतं. दोघींनी म्हणलं होतं.